बाटलीला चिकटलेलं शिसं

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एक लाकडी फळी टांगलेली होती. आत येण्याआधी काय काय काढून ठेवायचं, ते तिच्यावर चाचांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: अंगठी, घड्याळ, किल्ल्या, कंगवा, पावडर, तंबाखू. सगळ्यांत खाली, वेगळ्या शाईनं, मागाहून घातलेला एक शब्द होता: घाई. तो शब्द माझ्यासाठी आहे, असं सगळे म्हणायचे. मी त्या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो, आणि घाई हा माझा स्वभाव होता.

चाचा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहानच. पण दाढी लवकर पिकलेली, त्यामुळे मालकांपासून गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांचे ते चाचाच होते. घराणं पनवेलचं, कोकणी मुसलमानांचं. उमेदीची वर्षं आखातात गेली होती, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथून ते दोन गोष्टी घेऊन परतले: पाण्यातले जड धातू मोजण्याचं कसब आणि जगातल्या प्रत्येक वस्तूविषयी संशय.

त्यांच्या नावावर एक डाग आहे. तो मी लावला. हे मी लिहितो आहे ते तो डाग पुसायला आणि एका विहिरीच्या पायी. माझं वय आता असं आहे की पुढे कधीतरी लिहीन, हे म्हणायची सोय उरलेली नाही.

बाजारापलीकडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. पाणी तपासून अहवाल द्यायचा, हा धंदा. विहिरींचं पाणी यायचं, बोअरचं यायचं, कारखान्यांच्या सांडपाण्याचं यायचं. सगळ्यांत आतल्या खोलीत चाचांचं यंत्र होतं. त्या खोलीच्या खिडक्या त्यांनी चिकटपट्टीनं बंद करून टाकल्या होत्या, आणि फरशी स्वतः पुसायचे. झाडू मारू द्यायचे नाहीत. झाडू धूळ काढत नाही, उठवतो, असं त्यांचं म्हणणं.

ते यंत्र कसं चालतं, हे ते कुणालाही समजावून सांगायला तयार असत. प्रत्येक धातूचा एक स्वतंत्र दिवा असतो आणि त्या दिव्याच्या पोटात तोच धातू असतो. शिशाचा दिवा शिशाचा प्रकाश देतो, आणि तो प्रकाश अडवायची ताकद शिशाच्या अणूतच असते. पाण्याचा एक थेंब बोटाच्या पेराएवढ्या ग्रॅफाइटच्या नळीत सोडायचा. नळी तापत तापत पांढरी होते. थेंबातलं शिसं वाफ होऊन दिव्याच्या वाटेत उभं राहतं. पलीकडे प्रकाश जेवढा कमी पोचला, तेवढं शिसं जास्त.

"बस, एवढंच," चाचा म्हणायचे. "शिशाला शिसंच पकडतं. आपण फक्त मध्ये तोंड घालायचं नाही."

मध्ये तोंड न घालण्याची त्यांची तयारी मात्र दिवसभर चालायची. बाटल्या तीन वेळा ॲसिडनं आणि मग शुद्ध पाण्यानं धुवायच्या, पालथ्या घालायच्या, झाकणं वेगळी ठेवायची. आणि कुठलंही पाणी मोजायच्या आधी कोरं पाणी मोजायचं. धातूचा कणही नसलेलं पाणी घ्यायचं, त्यात तेच ॲसिड घालायचं, तीच बाटली, तेच हात. यंत्रानं त्याला शून्य म्हटलं पाहिजे. म्हटलं नाही, तर घाण आपल्याकडून आली आहे, पाण्यातून नाही. त्याला आम्ही ब्लँक म्हणायचो. ब्लँक शून्याच्या वर गेला की चाचा सगळं ओतून टाकायचे आणि पहिल्या बाटलीपासून सुरुवात करायचे. बाहेर कारखान्याचा माणूस अहवालासाठी बसलेला असायचा आणि मी दारातून घड्याळ दाखवत असायचो. घड्याळ आत आणायची परवानगी नसल्यामुळे तेही उंबऱ्याबाहेरून.

ही ब्लँकची सवय त्यांच्या जगण्यातच उतरली होती. लग्नाच्या जेवणात बिर्याणी पुढ्यात आली की आधी कोऱ्या भाताची चार शितं मागून घ्यायचे आणि डोळे मिटून चावायचे. वाढणारा बघतच राहायचा. कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं, अमक्यामुळे काम बिघडलं म्हणालं, की चाचा विचारायचे, "बरं. तो नव्हता त्या दिवशी काम कसं झालं होतं? आधी ब्लँक सांग."

दुसरी सवय रजिस्टरची. यंत्राला छपाईची सोय होती. त्यातून आकड्यांची पट्टी बाहेर यायची. चाचा तरीही प्रत्येक आकडा बॉलपेननं मोठ्या रजिस्टरात उतरवायचे. तारीख, वार, ब्लँक, नमुना. शेवटचा रकाना होता ‘पाहिले’. तिथं दुसऱ्या माणसाची सही लागायची. त्या माणसानं यंत्राच्या पडद्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. कुणी सापडलं नाही तर चाचा चहावाल्याला बोलवायचे, किल्ल्या नि कंगवा काढून ठेवायला लावायचे, आणि विचारायचे, "काय दिसतंय?" तो आकडा वाचायचा आणि सही करायचा. आमच्या त्या वर्षांच्या रजिस्टरात कॅडमियमच्या पानांवर चहावाल्याच्या बऱ्याच सह्या आहेत.

"चाचा, पट्टी आहे ना छापलेली?" मी चिडून विचारायचो.

"पट्टी उन्हानं उडते, साहेब. पाहिलेला माणूस उडत नाही."

एका दसऱ्याला मोठा प्रसंग झाला. दरवर्षी सगळ्या उपकरणांची पूजा व्हायची. आमच्या टायपिस्ट बाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आतल्या खोलीकडे निघाल्या, तर चाचा दारात दोन्ही हात पसरून उभे.

"हार घाला, झेंडू वाहा, नारळ फोडा. कुंकू नको."

मालक हलक्या आवाजात म्हणाले, "चाचा, वर्षाचा सण आहे. आज नको."

"शेठ, मशीनवर माझापण जीव आहे. म्हणूनच सांगतो. कुंकवात शिसं असतं कधी कधी."

बाई उसळल्या. "माझ्या कुंकवात शिसं? आणि तुमच्या डोळ्यांत ते काळं असतं, त्यात काय अमृत आहे?"

चाचा सुरमा लावायचे. बारीक, नेटकी रेघ. ते क्षणभर बाईंकडे बघत राहिले. त्यांना राग येईल असं आम्हांला वाटलं, पण त्यांचा चेहरा उजळला होता. एखादा चांगला प्रश्न आला की तो असाच उजळायचा.

"सवाल एकदम बरोबर आहे," ते म्हणाले. "दोन्ही बघू."

सणाच्या दिवशी यंत्र सुरू झालं. आधी ब्लँक, अर्थातच. मग बाईंच्या पुडीतलं कुंकू ॲसिडमध्ये विरघळवून मोजलं. शिसं निघालं. बाईंचं तोंड उतरलं. मग चाचांनी खिशातून पितळी सुरमादाणी काढली. त्यांच्या अम्मीनं मदिनेहून आणलेली होती ती. चिमटीत येईल एवढा सुरमा घेतला, विरघळवला, पातळ केला. यंत्राचा आकडा वर जाऊन अडकलाच. पुन्हा पातळ केला. पुन्हा अडकला. पाचव्या वेळेला कुठे आकडा हाती लागला. तो सुरमा जवळजवळ सगळा शिशाचाच होता.

"बाई, तुम्ही जिंकलात," चाचा म्हणाले.

"आता हळद तपासायला घेऊ नका," बाई म्हणाल्या. "माझा स्वयंपाक बंद पडेल."

रजिस्टरात ते दोन्ही आकडे आहेत. ‘पाहिले’च्या रकान्यात एकावर बाईंची सही आहे आणि सुरम्यावर माझी.

दुसऱ्या दिवसापासून चाचा कोऱ्या डोळ्यांनी यायला लागले. सुरमादाणी त्यांनी समोरच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवली. शुक्रवारी दुपारी ते नमाजला निघायचे, इस्त्रीवाल्याच्या आरशात बघून सुरमा लावायचे, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेत पुन्हा पाऊल टाकायचे नाहीत. अर्ध्या दिवसाची ती रजा मीच मंजूर केली होती. हे नीट लक्षात ठेवावं. सगळं पुढचं ह्याच्यावर आहे.

आपटा गावाच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठाशी एक वाडी आहे. तिथली एक बाई एकदा शीतपेयाच्या बाटलीत पाणी भरून आमच्याकडे आली. ग्रामपंचायतीची सदस्य होती. वाडीशेजारच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढण्याचा कारखाना सुरू झाला होता. तिच्या शेळ्या पाय दुमडून पडत होत्या, पोरांची पोटं दुखत होती.

"इहिरीचा पानी हाय," ती म्हणाली. "आमी सगली तोच पितो. तुमी बगा नि कागदावर लिवून द्या."

चाचांनी ती बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि परत दिली. "ताई, ह्या बाटलीतलं मी नाही मोजणार. मी येतो तुमच्याकडे."

पळस्प्यावरून एसटीनं ते स्वतः गेले. मीही गेलो होतो, कारण तो कारखाना आमचा ग्राहक होता आणि मला काळजी वाटत होती. विहिरीवर चाचांनी पितळी कळशी दूर ठेवायला लावली, प्लास्टिकची बादली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळली, आणि मग आपल्या बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीत लगेच ॲसिडचे थेंब टाकले.

बाई बघत होती. "चाचा, पान्यात ॲसिड टाकता, मंग त्याच्यातलाच शिसा निघनार नाय का?"

चाचांचा चेहरा दसऱ्यासारखा उजळला. "ताई, शिशाला बाटलीची भिंत आवडते. ॲसिड नाही टाकलं तर ते हळूहळू पाण्यातून निघून भिंतीला चिकटतं. मग पाणी मोजलं तर काहीच दिसत नाही. आणि ॲसिडमध्येच शिसं असलं तर?" त्यांनी पिशवीतून आणखी एक बाटली काढली. तिच्यात शुद्ध पाणी होतं. तिचंही झाकण त्यांनी तिथंच विहिरीवर उघडलं, तेवढेच थेंब टाकले, आणि बंद केलं. "तर ह्याच्यातपण दिसेल. ही बाटली माझ्यावर नजर ठेवणार."

मोजणी मंगळवारी झाली. त्या नजर ठेवणाऱ्या बाटलीत शून्य. विहिरीच्या पाण्यात शिसं होतं, पिण्याच्या पाण्याला चालतं त्याच्या कितीतरी पट. मी पडदा पाहिला. ‘पाहिले’च्या रकान्यात सही केली.

कारखान्यानं हरकत घेतली. त्यांचा सल्लागार गोड बोलणारा माणूस होता. मला म्हणाला, "साहेब, बाटल्या तुमच्या, ॲसिड तुमचं. उद्या कुणीही शंका काढेल. या वेळी दोघांनी मिळून पाणी घेऊ, आणि त्यात काहीच घालायचं नाही. जसं आहे तसं."

हे चूक आहे, हे मला ठाऊक होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला ठाऊक असतंच. मी ‘चालेल’ म्हणालो. चाचांना न सांगता त्याच्याबरोबर जाऊन पाणी घेतलं. त्या बाटल्या आठवडाभराहून जास्त कारखान्याच्या ऑफिसात कपाटावर उभ्या होत्या. मग आमच्याकडे आल्या.

चाचांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, चिठ्ठीवरची तारीख वाचली. "ॲसिड?"

"त्यांना नको होतं."

ते यंत्राकडे वळले. पाणी मोजलं. शिसं नाहीच. आकडा लिहिला, मी सही केली. मला वाटलं, संपलं. पण चाचांनी ते पाणी ओतून दिलं आणि रिकाम्या बाटलीत ॲसिड घालून ती आडवी-उभी फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. आधी ब्लँक, शून्य. मग बाटलीला धुऊन काढलेलं ते ॲसिड. नळी पांढरी झाली आणि पडद्यावरची रेघ डोंगरासारखी उभी राहिली.

"काय दिसतंय, साहेब?"

"शिसं," मी म्हणालो.

"पाण्यातलं सगळं भिंतीला गेलं होतं. सही करा."

मी सही केली. ‘पाहिले.’

मालकांना मी ते पान दाखवलं. ते वाचून म्हणाले, "आपल्याकडे अहवाल पाण्याचा मागितलाय. बाटलीचा नाही." वाक्य इतकं सोपं होतं की मी त्याच्या आडोशाला गेलो. पाण्यात शिसं आढळलं नाही, असा अहवाल माझ्या सहीनं गेला. पहिल्या मोजणीचं काय, हा प्रश्न उरला. तो सरकारी कार्यालयातल्या सुनावणीत निघाला.

लांबट खोली होती. पुढे अधिकारी, एका बाजूला कारखान्याची माणसं, दुसऱ्या बाजूला ती बाई आणि वाडीतले सात-आठजण. चाचा सगळ्यांत मागे, भिंतीशी. वार शुक्रवार. नमाज पढून ते तडक आले होते, त्यामुळे डोळ्यांत सुरमा होता.

सल्लागारानं मला विचारलं, "सुरम्यात शिसं असतं, हे खरं आहे?"

"असतं."

"तुमच्या प्रयोगशाळेनं स्वतःच ते मोजलेलं आहे?"

"हो."

"ज्यांनी विहिरीचं पाणी मोजलं ते तुमचे विश्लेषक सुरमा लावतात?"

सगळ्या माना मागे वळल्या. चाचांचे डोळे सगळ्यांना दिसत होते.

मी म्हणालो, "हो."

त्या ‘हो’मध्ये एकही अक्षर खोटं नव्हतं. शुक्रवारीच लावतात, हे मी म्हणालो नाही. मोजणी मंगळवारची, हे म्हणालो नाही. बाटलीच्या भिंतीवर काय सापडलं, तेही नाही.

मागून चाचांचा आवाज आला, "साहेब, ब्लँक सांगा. त्यांना ब्लँक सांगा."

अधिकाऱ्यांना तो शब्द कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे केले. सल्लागार हसून म्हणाला, "बघा, हे असं आहे." दोन-चारजण हसले. त्या बाईनं उठून विचारलं, "मंग आमच्या इहिरीत काय नाय?" अधिकारी म्हणाले, दुसऱ्या अहवालाप्रमाणे पाणी पिण्यायोग्य आहे. ती माझ्याकडे बघत खाली बसली.

नळ येईपर्यंत वाडीनं त्याच विहिरीचं पाणी प्यायलं. शिसं हाडांत जाऊन बसतं. किती जणांच्या हाडांत किती बसलं, ते मोजणारा दिवा माझ्यापाशी नाही.

चाचा सोमवारी आले. शिशाचा दिवा यंत्रातून काढला, रुमालानं पुसला, डबीत ठेवला. रजिस्टर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी म्हणालो, "हे तुम्ही घेऊन जा. तुमच्या कामाला येईल." मला खरोखर वाटत होतं की त्यांनी ते न्यावं, आणि जे मी करत नव्हतो ते करून टाकावं.

"रजिस्टर लॅबचं आहे," ते म्हणाले. "मी कसं नेऊ?"

ते गेले. पुढे दोन प्रयोगशाळांमध्ये त्यांनी विचारणा केल्याचं कानावर आलं. तोवर ‘सुरमेवाला’ हे नाव पनवेलपासून तळोज्यापर्यंत त्यांच्या पुढे पोचलेलं होतं. निवृत्त झालो तेव्हा रजिस्टर मी घरी आणलं. लॅबचं होतं, तरी आणलं. कपाटात हिवाळी कपड्यांखाली ठेवलं. ते तिथं आहे, एवढं मला पुरत होतं, इतका मी स्वस्तात सुटत होतो.

गेल्या महिन्यात ती बाई माझ्या घरी आली. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं. तिनं पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. कारखान्याची शेड केव्हाच गेली होती. तिथं आता नवी वसाहत होणार होती, आणि तिला पाणी त्या विहिरीचं. विहीर चांगली असल्याचा पुरावा म्हणून अर्जाला माझ्या सहीचा तो अहवाल जोडला होता.

"सही तुमचीच हाय ना, सायेब?"

"माझीच."

"मंग खरा काय ता आता तरी सांगा. चाचा खोटा बोलला, का तुमी?"

"मी," म्हणालो.

ती रडली नाही, ओरडली नाही. "मना वाटलाच होता," म्हणाली. "पन तुमच्या तोंडून आयकायचा होता. आता लिवून द्या."

त्या संध्याकाळी मी रजिस्टर काढलं. पानांना टाचलेल्या छापील पट्ट्या पार कोऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यावर एक आकडाही उरला नव्हता. चाचांच्या बॉलपेनचं अक्षर मात्र काल लिहिल्यासारखं होतं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी सही. मी दोन दिवस बसून प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला. मग चाचांना शोधायला निघालो. दाखल करण्याआधी त्यांनी तो वाचायला हवा होता.

ते पळस्पे फाट्याजवळ सापडले, एका गाळ्यात. ट्रकच्या बॅटऱ्यांत घालायचं शुद्ध पाणी विकतात. मी पोचलो तेव्हा एक ड्रायव्हर कॅनसाठी ताटकळला होता आणि चाचा त्या कॅनमध्ये मीटरची कांडी बुडवून वाकून बघत होते.

"चाचा, बॅटरीला पाजायचंय," ड्रायव्हर म्हणाला. "बाळाला नाही."

"बॅटरीलापण जीव आहे," चाचा म्हणाले, आणि मान वर केली. मला पाहिलं. मग म्हणाले, "बसा, साहेब. किल्ल्या खिशात असल्या तरी चालतील इथं."

शुक्रवार होता. त्यांच्या डोळ्यांत सुरमा नव्हता. न राहवून मी विचारलं.

"सोडला," ते म्हणाले. "त्या दिवसापासून. लोक डोळ्यांत बघून बोलायचे."

मी रजिस्टर आणि मसुदा त्यांच्या हातात दिला. का आलो, विहिरीचं काय होणार आहे, सगळं सांगितलं. माफी मागायचं वाक्य तयार करून आणलं होतं. ते अर्ध्यावर आल्यावर त्यांनी हातानं थांबवलं आणि भिंग काढून वाचायला लागले. एकेक ओळ बोटाखाली धरून वाचत होते. पाठीमागे महामार्गावरून ट्रक जात होते आणि दर वेळी गाळ्यातले कॅन थरथरत होते.

शेवटपर्यंत वाचून ते पुन्हा पहिल्या पानावर आले. "इथं ‘चूक झाली’ लिहिलंय. हात हलून थेंब बाहेर पडला तर ती चूक. तुमचा हात हलला होता?"

"नाही."

"मग?"

मी पेन घेऊन ते खोडलं. त्याच्या जागी लिहिलं: ‘मला खरं माहीत असूनही मी सांगितलं नाही.’

"आणि ब्लँक कुठंय?"

मी मसुदा पाहिला. शिशाचा आकडा होता, मंगळवार होता, रिकामी बाटली होती, सुरमाही होता. ब्लँक नव्हता. सुनावणीत जे सांगितलं नव्हतं, ते लिहितानाही माझ्याकडून राहून गेलं होतं. त्यांच्यासमोर बसून मी ओळ घातली: ‘त्याच दिवशी, त्याच हातांनी, त्याच ॲसिडनं केलेल्या ब्लँकमध्ये शिसं शून्य होतं. सुरम्यामुळे शिसं आलं असतं तर ते त्यातही दिसलं असतं. म्हणून शिसं विहिरीचंच होतं.’

चाचांनी ती ओळ दोनदा वाचली.

"विहिरीचं पाणी पुन्हा घ्यायला लागेल," ते म्हणाले. "आता त्यात काय आहे, ते आजच मोजून कळेल. कोण घेणार?"

"मी जातो. सोमवारी. ताई बरोबर असतील."

ते उठले, मागच्या फडताळातून एक पिशवी काढली. आत चार बाटल्या होत्या, पालथ्या घालून सुकवलेल्या, झाकणं वेगळी बांधलेली. इतक्या वर्षांत त्यांना बाटल्या धुवायला कुणी सांगितलं असेल? "तीन पाण्याला. एक ब्लँकला. ॲसिड जागेवरच टाका. आणि घाई करू नका."

मग ते खाली बसले. मसुदा परत जवळ ओढला, शेवटचं पान काढलं. माझ्या सहीच्या उजवीकडे बरीच मोकळी जागा होती. त्यांनी माझ्याच हातातलं पेन मागून घेतलं, आधी तारीख लिहिली, मग वार, आणि त्याखाली त्या तिरप्या अक्षरात ‘पाहिले’ असं लिहून सही केली.